पुढचा गिअर व्याह्यांचा, मागचा मामाचा

"जावई मंडपात येईल तर माझ्याच गाडीतून! भाड्याची गाडी दारात आली तर मी ओवाळूच देणार नाही!"

हंबीररावांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांची गाडी चार विटांवर उभी होती. गाडी म्हणजे एका परदेशी कंपनीच्या लिलावात घेतलेली जुनी जपानी स्टेशन वॅगन, बैठकीच्या खोलीएवढी लांब, इंजिनाचा जोर चारही चाकांना देणारी. त्यांच्या पत्नी सकवारबाईंच्या मते ती गाडी नव्हतीच, सवत होती.

हंबीरराव कारखान्यात गिअर तपासणी खात्याचे मुख्य. दुसऱ्यांच्या गिअरमधली खोट काढायचा त्यांना पगार मिळे. स्वतःच्या डोक्यातली खोट काढायला सरकारने कुणाला नेमलं नव्हतं, असं आता ते स्वतःच सांगतात!

आधी त्यांनी वॅगनला जीपचे मोठे टायर चढवले. गाडीला रुबाब आला, पण चढावर ती धापा टाकायला लागली. मग गाडीत एक दांडा होता, चार चाकांचा जोर दोनांवर आणणारा, तोही त्यांनी काढून फेकला. "चार नोकर ठेवायचे आणि दोघांना बसवून जेवू घालायचं? चारही चाकं कायम कामाला!"

आता टायरच्या दुखण्यावर उपाय एकच होता. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधले क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांना जोर पोचवणारी दातेरी जोडी, बदलायची. दोन्हीकडे दातांचा हिशेब एकच हवा, हे हंबीररावांना झोपेतही ठाऊक होतं. पण तेवढ्यात नातेवाईक आले!

मुलीचं, रम्याचं लग्न बसवनगुडीच्या सुनीलकुमारशी ठरलं होतं. त्याचे वडील नरसिंहराव चहा पिता पिता म्हणाले, "गिअर बदलताय म्हणे? आमच्या ओळखीचा गॅरेजवाला आहे. आमचा आहेर समजा! दुसरीकडे दिलंत तर मग नातं कसलं, रावसाहेब?"

ते गेले तोच बेळ्ळंदूरहून मेहुणा शंभूराज हजर! "दाजी, भाचीच्या लग्नात मामाचा काही मान आहे की नाही? गिअर मी घालणार. नाही म्हणालात तर लग्नाला येईन, जेवेन आणि जाईन. मामा म्हणून उभा राहणार नाही! अक्कालाही सांगून ठेवतो."

व्याही दुखावले तर लग्न अडणार, मेहुणा दुखावला तर बायको! हंबीररावांनी रात्रभर विचार करून सकाळी निवाडा दिला. "वरपक्ष नेहमी पुढे, तेव्हा पुढचा गिअर व्याह्यांचा. मंगलाष्टकांना मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो, तेव्हा मागचा गिअर मामाचा!"

दोघांनाही भरून आलं. सकवारबाई तेवढ्या म्हणाल्या, "अहो, गाडी आहे की रुखवत?"

नरसिंहरावांनी आपल्या गॅरेजवाल्याला सांगितलं, "नवरदेवाची गाडी आहे, तोऱ्यात पळाली पाहिजे." शंभूराजने आपल्या गॅरेजवाल्याला सांगितलं, "भाचीच्या संसाराची गाडी आहे, ओढीला दमदार पाहिजे." दोन्ही जोड्या बसवून झाल्या. हंबीररावांनी दात मोजले का? छे! दान मिळालेल्या गाईचेसुद्धा दात कुणी मोजत नाही, मग आहेरात आलेल्या गिअरचे कसे मोजणार? जन्मभर दुसऱ्यांचे दात मोजणारा माणूस घरच्या वेळी नेमका लाजला!

घरामागच्या मातीच्या रस्त्यावर चाचणी झाली. वॅगन अशी सुटली की कोंबड्या झाडावर चढल्या! मातीत चाकं घसरतात, त्यामुळे पुढच्या-मागच्यांचं भांडण दिसत नाही, हे ज्ञान हंबीररावांना नंतर झालं.

लग्नाच्या दिवशी जानवसघर त्याच मातीच्या रस्त्यावर होतं आणि कल्याणमंटप, म्हणजे लग्नाचं कार्यालय, पलीकडे, येलहंक्याच्या डांबरी रस्त्यावर. फुलांनी मढवलेल्या वॅगनमध्ये मुंडावळ्या बांधलेला सुनीलकुमार बसला. फेटा बांधून हंबीरराव चक्रधर झाले. पुढे बँड, बाजूने नरसिंहराव आणि शंभूराज पायी. मातीवर गाडी झोकात चालली. हंबीररावांनी मान वळवून विचारलं, "काय जावईबापू, कशी आहे गाडी?"

"फार छान, मामंजी," सुनीलकुमार म्हणाला, आणि चाकं डांबरावर चढली.

कर्र्र! पुढची चाकं पळायला निघाली, मागची म्हणाली सावकाश. टायर किंचाळले. गाडी बेडकासारखी दोन उड्या मारून धाडकन बंद पडली. मुंडावळ्या नाकावर, फेटा स्टिअरिंगवर! पुन्हा चालू केली, पुन्हा उडी. बँडवाल्यांना वाटलं नवीन ताल आहे, त्यांनी तोच धरला!

चूक कळायला हंबीररावांना क्षणही लागला नाही. पुढचे दात वेगळे, मागचे वेगळे! आणि दोन चाकांवर आणणारा दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने फेकून दिलेला!

ते पाना घेऊन, नव्या धोतरासकट, गाडीखाली शिरले. "काळजी नको! एका बाजूच्या चाकांकडे जोर नेणारा शाफ्ट सोडवला की दुसऱ्या बाजूवर गाडी चालेल."

गाडीखालून त्यांना नरसिंहरावांच्या मोजड्या पुढे सरकताना दिसल्या. "कुठल्या बाजूचा?"

"अं... पुढचा सोडवू?"

"आमचा? भर रस्त्यात वरपक्षाला कापणार? मग वरातही इथूनच परत!"

"बरं बरं, मागचा..."

आता शंभूराजच्या कोल्हापुरी चपला आल्या. "दाजी! म्हणजे मामा फालतू? मग अंतरपाटामागे दुसरं कुणी उभं करा!"

मुहूर्त जवळ येत चालला होता. हंबीरराव पाना धरून आडवे पडून राहिले. वर आभाळ असतं तर देवाकडे पाहिलं असतं, पण वर सायलेन्सर होता! पोरीचं लग्न आपल्या हौसेपायी मोडणार, या विचाराने त्यांचे डोळे भरले. ते ऑइलने भरले असंही ते सांगतात.

इतक्यात ओवाळणीचं ताट घेऊन मंटपाबाहेर ताटकळलेल्या सकवारबाई तरातरा आल्या. झालेला प्रकार ऐकला आणि खाली वाकून म्हणाल्या, "अहो, दोन्ही सोडवा!"

"मग गाडी चालेल कशी?"

"इतकी माणसं काय वरण-भाताला आणलीत? व्याहीबुवा उजवीकडे, शंभू डावीकडे, मध्ये तुम्ही. लावा हात!"

दोन्ही शाफ्ट निघाले. कुणाचा मान जास्त नाही, कुणाचा कमी नाही! "ढकला" म्हणून बँडमास्तर कानडीत ओरडला, "तळ्ळी सार, तळ्ळी!" व्याही ढकलू लागले, मेहुणा ढकलू लागला, मध्ये काळे झालेले हंबीरराव. आणि खरं सांगायचं तर वॅगन इतकी मुलायम आयुष्यात कधी चालली नव्हती! मुहूर्त जेमतेम गाठून नवरदेव मंटपात पोचला. लोक म्हणाले, काय थोर घराणं, मुलीचा बाप स्वतः गाडी ढकलतो!

वर्षभराने नरसिंहराव धाकट्या मुलाच्या लग्नाच्या अक्षता घेऊन आले. वॅगन पुन्हा विटांवर चढली होती, तिच्याकडे पाहून हसले.

"गाडी भाड्याची केलीय, रावसाहेब. उत्तम चालते."

"वा वा!" हंबीररावांचा जीव भांड्यात पडला.

"पण मंटपाच्या अलीकडे बंद करायला सांगितलीय. आता रीतच पडली ना! ढकलायचा मान तुमचा."

हंबीररावांनी अक्षता घेतल्या आणि हळूच विचारलं, "रस्ता चढाचा आहे का हो?"