जागा धरलीय

सबनीसकाकांना काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ते आधी स्वयंपाकघरातला नळ सोडतात. धो धो. मग मला सिंकजवळ बोलावून कुजबुजतात, "यंदा मंडळाच्या श्रीखंडात केशर नव्हतं. माझं नाव नको कुठे."

डॉक्टर सबनीस लंडनच्या ईलिंग भागात आमच्या शेजारी राहतात. काकू गेल्यापासून एकटेच. तरुणपणी डॉक्टरकी शिकले पोलंडमध्ये, तेही कम्युनिस्ट राजवटीत. मग इथल्या हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल दिली. पण पोलंड काही अंगातून गेलं नाही. "भिंतींना कान सगळीकडेच असतात," ते म्हणतात, "तिथे त्या कानांना पगार होता!" फोनवर ते कुणाचं नाव घेत नाहीत. मी इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी, म्हणून मी ‘यादीवाली’. आमच्याकडे आले की बोलक्या स्पीकरवर आधी टी-कोझी, म्हणजे किटलीचं लोकरी टोपडं घालतात. रांग दिसली की उभे राहतात आणि काय मिळतंय ते नंतर विचारतात. या नादात स्वतः डॉक्टर असून एकदा फ्लूची लस दुसऱ्यांदा टोचून घेणार होते. कोटाच्या खिशात घडी केलेली कापडी पिशवी कायम. "मिळालं काही, तर?"

आणि त्यांचा तो सिनेमा! मंडळाच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी जेवणानंतर काका एक जुना पोलिश विनोदी सिनेमा दाखवतात. दर वर्षी तोच. पडद्याशेजारी माइक घेऊन उभे राहतात आणि सगळे संवाद मराठीत सांगतात. गोष्ट अशी, की गावात बाथटब येणार म्हणून दुकानापुढे रांग लागते. रांग वर्षानुवर्षं हलत नाही. रांगेत लग्नं जमतात, बारशी होतात, रांगेची कमिटी होते, त्या कमिटीवर नजर ठेवायला दुसरी कमिटी होते. एक नवरा-बायको आळीपाळीने जागा धरून असतात. शेवटी बायको दिसत नाही. कारकून यादी घेऊन विचारतो, "ही कुठंय?" नवरा म्हणतो, "चहा प्यायला गेलीय. मी जागा धरलीय." कारकून म्हणतो, "मग थांबा. येतीलच." संपला सिनेमा. आमची मंडळी टाळ्या वाजवत गुलाबजामकडे वळतात.

गेल्या वर्षी माझ्या अन्वीने वर्गातल्या काशाला आणलं. काशा पोलिश, ईलिंगमध्ये पोलिश मुलांना काय तोटा! सिनेमा संपल्यावर अन्वी माझ्या कानाशी लागली. "आई, काका खोटा बोलतात. काशा म्हणते, एंडिंग इज टोटली डिफरंट."

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे संशय घेण्याचाच पगार खाते. मनात पाल चुकचुकली. काकांना पोलिश येतं तरी का? पोलंडला गेले होते तरी का? पहिल्या रांगेत आपल्या शेजारच्या खुर्चीवर ते दर वर्षी ती पिशवी ठेवतात आणि कुणाला बसू देत नाहीत, ते का? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी इंग्लिश सबटायटल्सची डीव्हीडी मागवली आणि कमिटीला कळवून टाकलं, की यंदा मुलांसाठी हीच लावू, काकांना त्रास नको.

आधी मी एकटीने ती पाहिली. सगळे संवाद काकांनी सांगितल्याबरहुकूम. फक्त शेवट वेगळा. कारकून विचारतो, "ही कुठंय?" नवरा म्हणतो, "वारली. नाव खोडा." कारकून म्हणतो, "नाव खोडायला त्यांनी स्वतः अर्ज करायला हवा."

डीव्हीडी घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी सवयीनं नळ सोडला.

"काका, सॉरी, पण शेवट तुम्ही चुकीचा सांगता."

काकांनी नळ बंद केला. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"पहिल्या वर्षी मंडळात लावला ना, तेव्हा मी खुर्चीत बसूनच संवाद सांगत होतो, ही माझ्या शेजारी होती," ते म्हणाले. नेहमीच्या, मोकळ्या आवाजात. "हसून हसून डोळ्यांत पाणी. शेवटाला माझा हात घट्ट धरून म्हणाली, ‘अहो, येते ना हो ती परत?’ मी म्हटलं, येते. मग माइकवरही तेच सांगितलं. आता ही नाही म्हणून शेवट बदलू?"

मला माझीच लाज वाटली. मी चहा टाकला.

यंदाच्या संमेलनात मीच प्रोजेक्टरपाशी होते. कमिटीला सांगितलं, सबटायटल्स चालत नाहीत, टेक्निकल प्रॉब्लेम. काकांनी माझ्याकडे पाहिलं, माइक उचलला आणि बाथटबची रांग सुरू झाली.

तेवढ्यात रीडिंग गावाहून नव्याने आलेला एक तरुण वाकून वाकून पुढे आला आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरची कापडी पिशवी उचलू लागला. काका बोलता बोलता अडखळले. मी धावले आणि त्याच्या हातातली पिशवी पुन्हा खुर्चीवर ठेवली.

"सॉरी, कोणी बसलंय का इथे?"

"हो," मी म्हटलं, "काकूंची जागा आहे. चहा प्यायला गेल्यात. येतीलच."