नानांचं गुरुवारचं दुखणं

धुळ्याच्या आमच्या गल्लीत नानांचं दुखणं दर गुरुवारी यायचं आणि दर गुरुवारी वेगळं असायचं. कधी गुडघा, कधी कान, एकदा तर डाव्या पायाचा अंगठा. बुधवारी रात्री भरीत-भाकरी दाबून जेवलेला हा माणूस गुरुवारी सकाळी नळावर भिंत धरून उभा.

"भगवान, मना गुडघा दुखी राह्यना. चाल बरं संगे."

भगवान (खरं नाव दुसरं) म्हणजे त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारा मेकॅनिक. पूर्वी ट्रकवर होता. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात एकटं पाठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तो मुकाट्यानं नानांचा हात धरी.

बायका हसत. "नाना, आज कोणता अवयव?"

"उरेल शे तो!" म्हणजे, उरलाय तो.

मी बँकेत हिशेब तपासणारा. एक गोष्ट मला जुळत नव्हती. चालताना दम लागायचा तो भगवानला, नानांना नाही.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात आईचे डोळे दाखवायला मी सरकारी दवाखान्यात गेलो. आई आत होती. बाहेर बाकावर नाना ताठ बसून शेंगदाणे खात होते. लोक जिच्याकडे बघायचंही टाळत त्या एड्सच्या खोलीतून भगवान बाहेर आला, मला पाहून पांढरा पडला आणि औषधं न घेताच फाटकाकडे निघाला.

गुडघा विसरून नाना धावले. दंड धरून त्याला परत आत सोडलं. मग माझ्याजवळ येऊन बसले.

"त्याला टीबीपण आहे. घरमालकाला कळलं तर खोली जाईल. इथं यायचा थांबला तर तोच जाईल. आज माझा गुडघा जास्त आहे, साहेब. गल्लीत तसंच सांगा."

मी खोटं बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"मना पोऱ्या बी याच खोलीत यायचा," ते म्हणाले. "एकला. एकदा आमच्या गावचा, नशिराबादचा ओळखीचा दिसला आणि दारातून मागं फिरला. पुन्हा आलाच नाही. मी तेव्हा घरी बसून होतो. माझं काही दुखत नव्हतं."

मी गल्लीत गुडघा सांगितला.

पुढे पावसाळ्यात नानांना खरोखरच ताप भरला. गुरुवारी त्यांना उठवेना. भगवान उंबऱ्यावर बसून राहिला; एकट्यानं जायची त्याची हिंमत नव्हती. मी कामावरचे कपडे घालून नळावर गेलो. बायका होत्या, घरमालक दात घासत होता.

"भगवान," मी म्हणालो, "मला चक्कर येतेय. सोबत चल."

माझा मलाच आवाज कोरडा वाटला. तेवढ्यात नानांच्या खिडकीतून आलं, "अहो साहेब, मग भिंत धरा ना! पडाल!"

मी भिंत धरली.

दुपारी परतलो तेव्हा नाना खाटेवर उठून बसले होते. "काय म्हणाले डॉक्टर?" त्यांनी मला विचारलं. नजर भगवानच्या हातातल्या औषधांच्या पुडीवर होती.

"पुढच्या गुरुवारी बोलावलंय."

"मग जावंच लागेल," म्हणत नाना आडवे झाले. अंग तापलेलं होतं, पण आपलं काही दुखतंय असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.