पत्तीवारांची रडणारी गायिका

आलापल्लीच्या जंगल ऑफिसातले हेडक्लार्क गोपाळराव पत्तीवार त्या दुपारी दार लावून लेखाचं शेवटचं वाक्य लिहीत होते. विलायतेला परतणाऱ्या साहेबाकडून ग्रामोफोन आणि इटालियन ऑपेराच्या तबकड्या घेतल्या, तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. अख्खं नाटक गाऊनच करायचं म्हणजे ऑपेरा, हे गावाला पटवता पटवता केस पिकले. लेख मात्र दर वेळी साभार परत. यंदा पहिल्यांदाच नागपूरच्या एका मासिकाने होकार कळवला होता, आणि लेख टपाल आणि उतारू नेणाऱ्या आजच्या मोटारीने जायलाच हवा होता.

मुद्दा एकच होता : इटालियन न जाणणाऱ्याला या गाण्यातलं दुःख कळणं अशक्य. वाक्याला धार यावी म्हणून पत्तीवारांनी नायिकेचं गाणं पुन्हा पुन्हा लावलं.

दारावर थाप पडली. शेजारच्या अन्नपूर्णाबाई डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या, हातात वरणभाताचं भांडं, मागे अर्धी आळी. पत्तीवारांची बायको मूल गावी आजारी वडिलांना बघायला गेली होती. आतून बाईचं रडणं ऐकल्यावर ती वाईट बातमी घेऊन परतली, असं सगळ्यांनी धरलंच. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भात आला. आळीतल्या पोचूने तर मूलला जाण्यासाठी ती टपालाची मोटारच दाराशी आणली होती. ड्रायव्हर टोपी काढून उतरला, त्याच्यामागे उतारूही.

पत्तीवार भडकले. सासरे हयात आहेत, आत कुणी रडत नाही, एक थोर गायिका गाते आहे, हे त्यांनी ओरडून सांगितलं. आत तबकडी फिरतच होती.

"मंग तिचा माणूस गेला असन, भाऊ," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पोटातून रडून राह्यली ना बाई."

पत्तीवारांच्या अंगाचा तिळपापड झाला. हेच कळायला त्यांना शब्दकोश घेऊन चार वर्षं घालवावी लागली होती, आणि या बाईने हातातलं भांडंही खाली न ठेवता लेखाचा निकाल लावला. आता लेख वाचवायचा तर एकच वाट होती.

"कोणी गेलं नाई. लग्न ठरलं म्हणून खुशीत गाते ती."

अन्नपूर्णाबाईंनी गाणं संपेपर्यंत कान दिला. "मंग तिले गाता येत नाई, भाऊ."

आळीने माना डोलावल्या. ड्रायव्हरने पत्तीवारांच्या हातातल्या लेखाच्या लिफाफ्यासाठी हात पुढे केला. पत्तीवारांनी तो दिलाही असता. पण त्यांच्या गायिकेला गाता येत नाही हे ऐकून घेणं त्यांच्या जिवाला झेपेना.

"नवरा मेला तिचा," ते कडाडले. "काल माती दिली त्याले. समजलं?"

"असं सांगा ना," अन्नपूर्णाबाई ओट्यावर टेकल्या. "लावा पुन्हा."

लिफाफा खिशात कोंबून पत्तीवारांनी रागारागाने चावी भरली. मोटार त्या दिवशी फार उशिरा सुटली, कारण ड्रायव्हरचे डोळे पुसून होईनात.