व्यंकटशेठची परदेशी आंघोळ

आमच्या शेजारचे व्यंकटशेठ दिवसातून तीन वेळा आंघोळ करत. सकाळची घरची, दुपारची अरबी आणि संध्याकाळची जर्मन.

घरची म्हणजे तुमच्याआमच्यासारखी. अरबी आंघोळीला पाणी कढत लागे आणि ती भर मे महिन्यातही, सोलापूरच्या उन्हात, पत्र्याच्या न्हाणीत व्हायची. जर्मन आंघोळीसाठी हातगाडीवरून बर्फाची लादी यायची. ती पिंपात विरघळली की शेठ मार्कंडेय महामुनींचं नाव घेऊन तांब्या डोक्यावर ओतत, आणि पाठोपाठ जी किंकाळी फोडत ती ऐकून आमच्या गल्लीत लोक दिवे लावायचे.

हे ना व्रत होतं ना वेड. घरामागे त्यांचा टॉवेलचा कारखाना होता आणि त्यांना आपला टॉवेल परदेशात पाठवायचा होता. त्याला ते ‘एस्कपोट’ म्हणत.

“मास्तर,” ते मला समजावून सांगत, “गिऱ्हाईक तितं थंडीनं कुडकुडणार. कुडकुडत्या अंगावर टॉवेल कसा वागतोय, ते गादीवर बसून कळंल व्हय? आपून बी कुडकुडाय पायजे की!”

त्यांच्या पत्नी नरसम्मा न्हाणीच्या दाराशी उभ्या राहून ओरडत, “एवंडी, चालु! चालु!” मी नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, बाई नवऱ्याला उत्तेजन देतायत. तेलुगूत ‘एवंडी’ म्हणजे ‘अहो’ आणि ‘चालु’ म्हणजे ‘पुरे’, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. शेठ मात्र तो शब्द सोयीनं मराठीतच ऐकत असावेत. नळ एक दिवसाआड यायचा, त्यामुळे गल्लीचं मत नरसम्मांच्या बाजूनं होतं.

मी शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवायचो. एवढ्या भांडवलावर शेठनी मला आपला परराष्ट्रमंत्री नेमलं. रविवारी ते माझा नकाशांचा जाडा ग्रंथ मांडीवर घेऊन बसत. कुठल्या देशात काय पिकतं, राजधानी कुठली, यात त्यांना रस नव्हता. नॉर्वेवर बोट ठेवून ते विचारत, “हितली माणसं आधी डोकं पुसत्यात का पाठ?”

भूगोलाच्या पुस्तकात हे दिलेलं नसतं, असं मी सांगितलं की ते पुस्तकाकडे कीव आल्यासारखं बघत. “मग काय शिकवताव हो पोरास्नी? जगात कुटंबी जावा, माणूस वलाच होतोय की!”

आमच्या गल्लीतला एक फिटर कुवेतला नोकरी करून परत आला. शेठनी त्याला ओट्यावर उभं केलं आणि अरब लोक अंग कसं पुसतात ते करून दाखवायला लावलं. बिचाऱ्यानं अंगातल्या सुटाबुटावरूनच दाखवलं. त्यानं तिथं कुणा अरबाला आंघोळ करताना पाहिलंच नव्हतं, असं तो मला नंतर म्हणाला. पण शेठना नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

हसायचं ते हसून झालं, तरी गोष्ट साधी नव्हती. शेठनी रुंद पन्ह्याचे नवे माग बसवले होते. गावातल्या दुकानदारांना ‘आता न्हाय जमत’ असं सांगून टाकलं होतं. मुंबईचा एक दलाल नमुने घेऊन गेला होता, आणि महिने गेले तरी तिकडून काही हालचाल नव्हती. नव्या मागांवर चादर झाकलेली असायची. त्या दिवसांत शेठची जर्मन आंघोळ लांबत चालली होती.

मग एका एप्रिलमध्ये दलाल खरोखरच एका जर्मन साहेबाला घेऊन आला. साहेब म्हातारा, उंच, आणि आमच्या उन्हानं बिटासारखा लाल झालेला. सकाळपासून इतर कारखाने बघून तो थकला होता. त्यानं शेठचा टॉवेल हातात घेतला, दोन बोटांत चोळला, “छान” म्हणाला आणि खाली ठेवला. दलालानं घड्याळात पाहिलं. ते ‘छान’ कसलं होतं ते मलाही कळलं.

“मास्तर,” शेठ म्हणाले, “त्यास्नी म्हणावं, बोटास्नी काय कळतंय? आंघुळ करा.”

मी त्याचं जमेल तेवढं सभ्य भाषांतर केलं. दलाल म्हणाला, “अहो, काय चाललंय! गाडी चुकेल!” पण साहेबानं न्हाणीच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या पिंपाकडे, त्यातल्या तरंगत्या बर्फाकडे पाहिलं आणि शर्टाच्या बाहीचं बटण काढायला सुरुवात केली.

न्हाणीचं दार लागलं. तांब्या पिंपात बुडाल्याचा आवाज आला. मग आतून एक डरकाळी आली.

“बगा,” शेठ खूष होऊन म्हणाले, “गावाकडची आटवण आली!”

साहेब बाहेर आला तो विजार-बनियनवर, टॉवेल गळ्यात टाकून. त्यानं अंग नुसतं टिपल्यासारखं केलं होतं. केसांतलं पाणी मानेवरून ओघळत होतं. शेठना ते बघवलं नाही. “आसं न्हवं, आसं न्हवं,” म्हणत ते पुढे झाले, साहेबाच्या गळ्यातला टॉवेल ओढला, त्याचं डोकं खाली वाकवलं आणि खसाखसा पुसायला लागले.

दलालानं डोळे मिटून घेतले. साहेबाचे हात अर्धवट वर आले, तसेच थांबले आणि हळूहळू खाली गेले. शेठ बुटके, म्हणून तो गुडघ्यात वाकून उभा राहिला. मागे कारखान्यात जुन्या मागांची खटखट चालू होती. सुरुवातीला शेठचे हात माल दाखवणाऱ्या व्यापाऱ्याचे होते. पुढे ते सावकाश झाले. त्यांनी कानांमागचं पाणी पुसलं, मान पुसली, पुन्हा एकदा केस पुसले. स्वयंपाकघराच्या दारात नरसम्मा उभ्या होत्या; त्या आत निघून गेल्या.

साहेब सरळ झाला तेव्हा त्याचे पांढरे केस पिंजारल्यासारखे उभे होते. तो मला म्हणाला, “पांढरे हवेत. काठ नको, नक्षी नको. पण सूत हेच.” दलालाला एकदम कंठ फुटला. तो अटी सांगत राहिला आणि शेठ कशाकडेही लक्ष नसताना “व्हय, व्हय” म्हणत राहिले.

मागणी छोटी होती, पण खरी होती. पुढे गठ्ठे बोटीवर चढले, नवे माग चालले, आणि बघता बघता शेजारचे कारखानदारही शेठना सल्ला विचारायला येऊ लागले.

त्या दिवशी साहेबाची गाडी गेल्यावर मात्र शेठ तो ओला टॉवेल मांडीवर घेऊन ओट्यावर बसून होते. मी म्हणालो, “शेठ, जिंकलात की!”

त्यांनी हुंकार दिला. त्यांना मूलबाळ नव्हतं. तो विषय त्यांच्या घरात कधी निघत नसे आणि आम्हीही काढत नसू.

“कळत्या वयापास्नं टॉवेल करतोय, मास्तर,” ते म्हणाले. “दुसऱ्याचं डोस्कं आज पयल्यांदा पुसलं.” मग थोड्या वेळानं, “केस लई मऊ हुते हो म्हाताऱ्याचे.”

आतून नरसम्मांनी जेवायला हाक मारली. शेठनी ओ दिली नाही. त्या बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी बसल्या. माझ्यादेखत त्या कधी अशा बसल्या नव्हत्या.

मी उठलो आणि घरात जाऊन दार लोटून घेतलं.