धम्मदीपचा आठवा नंबर

बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत, देवदत्तच्या घरी दर रविवारी सकाळी आम्ही काही निवृत्त मंडळी जॅझ ऐकायला जमतो. आमच्यात ही गंभीर बाब मानली जाते. दरवर्षी परदेशी मासिकातल्या समीक्षकांचा कौल जाहीर झाला की आम्ही त्याचा एकमताने निषेध करतो आणि मग त्यात पहिला आलेला माणूस कोण, हे मोबाईलवर शोधतो.

रेकॉर्ड ऐकून झाल्या की चहा, आणि चहाबरोबर धम्मदीप. हा उल्हासनगरच्या एका लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. वरातीत सिनेमाची गाणी. आमच्याकडे मात्र मनातलं. तो वाजवायला लागला की चहावर साय धरायची आणि देवदत्तची बायको जिज्ञासा तव्यावरची पोळी विसरायची. मागच्या वर्षी एकदा तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा कुठलाही निकाल लागलेला नव्हता, तरी आलं.

यंदा देवदत्त म्हणाला, "महिपतराव, निषेध पुरे. आपणच कौल घेऊ. निःपक्ष."

'बदलापूर परिसर जॅझ समीक्षक मंडळ' जागच्या जागी स्थापन झालं. वयोमानानुसार मी अध्यक्ष झालो. उपस्थित सगळे समीक्षक ठरले. जिज्ञासाला तेवढं वगळलं, कारण तिला संगीत नुसतंच आवडतं.

मतदान गुप्त होतं. धम्मदीप आठवा आला. वरचे सातही परदेशी, त्यातले बरेचसे दिवंगत. मी त्याला पहिला लिहिणार होतो. पण अध्यक्षानेच घरचा माणूस वर घातला तर लोक काय म्हणतील, म्हणून सगळ्यांत खाली लिहिला. चौकशीअंती कळलं, बाकीच्यांनीही हाच विचार केला होता.

पुढच्या रविवारी तो वाजवून थांबला.

"छान," देवदत्त म्हणाला, "आठव्याच्या मानाने."

मीही बारकाईने ऐकलं होतं. खरंच, आठव्यासारखंच वाजत होतं. चहा गरम असतानाच संपला.

निकाल व्हॉट्सॲपवरून उल्हासनगरात पोचला. बँडमालकाचा मला फोन आला. "साहब, पार्टी बोलती है आठवा नहीं चाहिए. पहले नंबरवाला भेजो."

"पहिला वारला हो."

"तो दूसरा भेजो."

दुसराही वारला होता. शेवटी बँडमालकाने धम्मदीपलाच नेलं, पण उभं केलं मागे, जनरेटरच्या गाडीजवळ. "काका," धम्मदीप मला म्हणाला, "माझं मलाच ऐकू येत नाही आता."

मला वाईट वाटलं. अशा वेळी सभ्य माणूस जे करतो तेच मी केलं: फेरमतदान जाहीर केलं. या वेळी श्रोत्यांचं, खुलं. धम्मदीप पहिला आला आणि ग्रुप पेटला. "बदलापूरच्या पोलात घरचाच पहिला? फुल सेटिंग!" उल्हासनगरहून विचारणा झाली, "आमचा माणूस, त्याला नंबर देणारे तुम्ही कोण?" आपल्याला कुणी विचारलंच नाही, याबद्दल अंबरनाथकरांनी खेद नोंदवला. खरवईच्या एका गृहस्थांनी सविस्तर हरकत पाठवली. धम्मदीपला ऐकलंय का, असं मी विचारलं.

"मुळीच नाही," ते म्हणाले. "ऐकलं की मत कलुषित होतं."

मंडळाने दोन्ही निकाल रद्द करून धम्मदीपचा क्रमांक विचाराधीन ठेवला. त्यामुळे त्या रविवारी आवडून घ्यावं की नाही, याबद्दल कुणालाच स्पष्ट सूचना नव्हती. तो वाजवत असताना आम्ही गुडघ्यांवर हात ठेवून एकमेकांकडे बघत बसलो. स्वयंपाकघरात मात्र पोळी करपल्याचा वास सुटला.

धम्मदीपने सॅक्सोफोन पेटीत ठेवला. "नंबर लागला की फोन करा, काका," म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही.

परवा अंबरनाथला एका लग्नाला गेलो होतो. वरात दारात येत होती आणि जनरेटरच्या घरघरीमागून तो वाजवत होता. माझी बायको भावना चालता चालता थांबली. "अहो, ऐका ना! किती गोड वाजवतोय!"

माझी मान आपोआप डोलायला लागली. कुणी बघत नाही ना, हे पाहायला मी वळलो, तर मागे देवदत्त उभा. डोळे मिटलेले, पाय तालावर. डोळे उघडून त्याने मला पाहिलं आणि पाय थांबवला.

"विचाराधीन आहे," तो म्हणाला.

"अर्थात," मी म्हणालो.

आणि हे वाचताना तुम्ही कुठे हसला असाल, तर जरा घाईच केलीत. यंदाच्या उत्तम कथांचा कौल अजून लागायचा आहे.