वरच्या आळीची अडचण

आमच्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत वरच्या आळीच्या पाण्याची अडचण बारा वर्षं बाकावर बसून होती. आली स्वतःच्या पायांनी. तेव्हा ती शेळीएवढी होती.

मी चाव्या फिरवून गावाला पाणी सोडतो. चौथीपर्यंत शिकलो, पण छत्तीस वर्षांत एक दिवस चुकवला नाही. पाहिलं तेवढंच सांगतो.

पहिल्या सरपंचांनी तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. कचेरीत नवं कोणी आलं की आमच्याकडे सत्कार होतो. तिने शाल पांघरली, नारळ खाल्ला आणि म्हशीएवढी झाली. दुसऱ्यांनी तिच्यासाठी बोअर पाडली. ती तिने पिऊन टाकली. तिसऱ्यांनी पंपाची मोठी मोटार आणली. ती चावायला तिला दोन दिवस लागले. मग तिचं डोकं आढ्याला टेकलं आणि ग्रामसेवक ढोबळे दप्तर घेऊन व्हरांड्यात बसू लागले.

वरच्या आळीत बावीस घरं. त्यांनी लिहून दिलं, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत नळाला पाणी आलं नाही तर कुलपं लावून गाव सोडू.

चौथ्या सरपंच कौसल्याबाई खरात. सभेला चार दिवस उरले तेव्हा ढोबळे म्हणाले, "बाई, नवी टाकी मागू. सही तेवढी करा."

"ही टाकी खाईल का?"

"खाईल. पण आपण काहीतरी केलं असं दिसेल."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. स्टूल ओढून त्या अडचणीसमोर बसल्या.

"तुला आजवर कुणी काही विचारलं?"

"चहा घेणार का, एवढंच," अडचण म्हणाली. अंगाच्या मानाने आवाज बारीक होता.

"मग मी विचारते. कुठून आलीस तू?"

"टाकीखालच्या चाव्यांपासून."

"तिथं कोण असतं?"

अडचणीने माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

"तात्या, पाणी कसं सोडता?"

"रीतीने. आधी खालच्या आळीला. तिथं पाटलांचं घर. पोळ्याला त्यांचा बैल पुढे, तसंच पाणी. त्यांचं झालं की वरची चावी."

"खाली नळ किती?"

"माझ्या सुरुवातीला दहा होते. आता सत्तर."

"सत्तर भरून झाले की टाकीत काय उरतं?"

"गुडघाभर."

"गुडघाभर पाणी वर चढेल?"

उत्तर मला येत होतं.

"म्हाताऱ्यावर ढकलू नका, बाई," ढोबळे म्हणाले.

"ढकलायची गरज नाही," मी म्हणालो. "माझं मी उचलतो."

"उद्या टाकी भरलेली असताना वरची चावी आधी फिरवा. पाटलांशी मी बोलते."

"चावी माझ्या हातात आहे. बोलणार मीच."

पाटील ओट्यावर दाढी करत होते. ऐकून त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "मान काढून घेतोस होय रे?"

"मान पोळ्याला घ्या. पाणी अर्ध्या तासाने येईल."

सकाळी वरची चावी फिरवली. हात तिकडे वळत नव्हता, वळवला. बावीस घरांचे नळ आधी खोकले, मग वाहिले. वरून एका बाईने हाक मारली, "तात्या, आज वाट चुकलात का?" मी अर्धा तास मोजून खालची चावी फिरवली.

कचेरीत आलो तर अडचण पुन्हा शेळीएवढी झाली होती. तिने शाल घडी करून टेबलावर ठेवली. ढोबळ्यांनी तिला जावक क्रमांक दिला.

"पोचवायला तात्या येतील," ती म्हणाली. "मी त्यांचीच ना."

मी टोपी घातली.

स्टँडवर गाडीला उशीर होता. आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो.

"छत्तीस वर्षांत एकदाही वरची चावी आधी फिरवावी असं मनात आलं नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली.

गाडी आली. शेजारच्या गावात नवे सरपंच होते, तिकडे तिचा सत्कार ठेवला होता. मी तिला पायरीवर हात दिला. कंडक्टरने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अर्धं तिकीट फाडलं.