मागून मिळवलेलं निःशस्त्रीकरण

निःशस्त्रीकरणावर बोलण्याचा अधिकार ज्याच्याकडे शस्त्रं नाहीत त्याला असतो, आणि ते ऐकून न घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहेत त्याला. या श्रमविभागणीवरच जगाची शांतता टिकून आहे. आमच्या आबातिकू बेटांचा त्यातला वाटा मोठा. आमचं संरक्षणदल म्हणजे पोलिसांची एक बंदूक. (होड्यांच्या शर्यतीला इशारा द्यायला ती वापरत. एकदा वाजली नाही, तेव्हापासून शिट्टी वाजवतात.) ही कपात एकतर्फी होती, तरी जगानं तिची दखल घेतली नाही.

मानवी हक्कांतही आम्ही पुढेच. मालमत्तेच्या हक्काबद्दल आमच्याकडे आजवर एकही तक्रार नाही, कारण तक्रार करण्याइतका वेळ कुठलीच वस्तू कुणाकडे टिकत नाही. आमच्यात नातलगानं मागितलं की द्यावंच लागतं. याला बुबुती म्हणतात. मग ती सायकल असो, डुक्कर असो की शिलाई मशीन. नाही म्हणणाऱ्याची नाचक्की होते आणि ती नातवंडांनाही पुरते.

आमचे परराष्ट्रमंत्री तेकाउआ (हवामान आणि सुकी मासळी ही खातीही त्यांच्याकडेच) यांनी याच प्रथेवर देशाचं धोरण उभारलं. भाषणांनी काही होत नाही, आधी नातं जोडावं, मग मागावं, असं त्यांचं म्हणणं. त्यानुसार निःशस्त्रीकरण परिषद भरली होती त्या गावी त्यांनी एका महासत्तेच्या राजदूताला जेवू घातलं, धाकटा भाऊ मानलं आणि गोडीगुलाबीनं सगळी क्षेपणास्त्रं मागितली. राजदूत हसले, विषय समितीकडे पाठवतो म्हणाले. ‘नाही’ म्हणाले नाहीत, असं मंत्र्यांनी फोनवर कळवलं. आम्ही दिवसभर सुट्टी जाहीर केली.

मग राजदूतच आमच्याकडे आले. सभाघरात चटईवर मांडी घालून बसले, डोक्यावर फुलांची वेणी घालून घेतली, ताजी माडी प्यायले आणि म्हणाले, “दादा, तुमची पश्चिमेची खाडी द्या की. आमची क्षेपणास्त्रं पडायला कुठंतरी जागा हवी.”

त्या खाडीतल्या माशांवर अर्धा देश जेवतो. पण नाही म्हणावं, तर आमचं निःशस्त्रीकरणाचं धोरणच बुडतं. मी मंत्रालयाचा सचिव (आणि एकमेव कर्मचारी), मी इतिवृत्ताच्या वहीत खाडीचं नाव लिहून घेतलं. तेकाउआंनी मान खाली घालून खाडी दिली.

त्यांची बायको रोतिया राजदूतांसमोरच म्हणाली, “देऊन मोकळे झालात? आता पोरांना काय, धोरण उकडून घालू?”

“खाडी गेली, पण तुला दीर मिळाला ना,” तेकाउआ म्हणाले.

रोतियानं हे वाक्य नीट ऐकून घेतलं. महासत्तेची माणसं जहाजभर सामान घेऊन उतरली तेव्हा ती किनाऱ्यावर हजर होती. भावजींची माणसं म्हणजे आपलीच. तिनं आधी त्यांच्या प्रमुखाची टोपी मागितली. टोपीला कोण नाही म्हणतं? मग दुर्बीण मागितली, मग जनरेटर. तिच्यामागोमाग अख्खं गाव मागायला लागलं. स्थानिक प्रथांचा आदर राखावा, अशा पाहुण्यांना लेखी सूचना होत्या. (त्या सूचनाही नंतर मागून घेतल्या. मासे गुंडाळायला बऱ्या पडतात.) रडारच्या थाळीत सध्या खोबरं वाळतंय. मोटरबोटींना आम्ही शिडं लावली, कारण तेल आधीच कुणीतरी मागून नेलं होतं.

शेवटी प्रमुख नुसत्या मोज्यांवर रोतियासमोर उभा राहिला.

“वहिनी, आता माझ्याकडे मागण्यासारखं काय उरलंय?”

“खाडी,” ती म्हणाली.

त्यानं ती दिली. महासत्तेनं तांत्रिक कारणास्तव माघार जाहीर केली. परिषदेनं या यशाचं श्रेय परिषदेला दिलं. आम्ही मात्र पोट भरून मासे खाल्ले आणि फार आनंदात होतो.

आता आमचं शिष्टमंडळ तुमच्या देशात यायचंय. बॉम्ब तुमच्याकडेही आहेत म्हणे, पण ते वापरायचे नसतात, नुसते असावे लागतात, असं तुम्ही सगळ्यांना समजावून सांगता. वापरायची नाही ती वस्तू माळ्यावर कशाला अडवून ठेवायची? आमच्या घरातलं इतकं ऐकून घेतलंत, म्हणजे नातं जुळलंच. तेव्हा द्या की.

बोलत का नाही? हरकत नाही. आमच्यात मागितल्यावर माणूस गप्प बसला, की त्यानं दिलं असं धरतात. रोतिया निघालीच आहे.